पायरीवरचे प्रश्न

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात माझ्या ताईच्या दातांच्या दवाखान्याच्या दारात एक लाकडी टेबल आडवं लावलेलं असायचं. टेबलाच्या आत ताई, बाहेर पायरी, आणि पायरीवर पेशंट. आधी प्रश्न, मग तोंड. ताप आला होता का? खोकला? वास येतो का? घरात कुणाला काही झालंय? उत्तरं पटली तरच मी टेबल सरकवायचे आणि माणूस आत यायचा.

दोन मास्क आणि त्यावर प्लॅस्टिकचा पडदा लावून बोललेलं समोरच्याला ऐकू जात नाही. त्यामुळं ताई ओरडून विचारायची आणि समोरचा ओरडून सांगायचा, कारण त्याच्याही तोंडाला उपरणं. गेवराईतली ती गल्ली अरुंद. पलीकडे औषधांचं दुकान, अलीकडे लिंबाखाली नंबर लावून बसलेली माणसं. कुणाचं पोट बिघडलंय तेही गल्लीला कळायचं. म्हणून सगळे एकच उत्तर द्यायचे. न्हाई.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं खेड्यापाड्यात कोरोना कुणाला झालाच नव्हता. सगळ्यांना टायफाईड झाला होता. गावातला डॉक्टर सलाईन लावायचा, गोळ्यांची पुडी द्यायचा आणि उठताना तोच हळूच सांगायचा, टायफाईड म्हणा. तपासणी केली की यादीत नाव येणार. नाव आलं की दारात बांबू ठोकणार, भोंग्यावरून गावाला सावध करणार, आणि त्या घरचं दूध डेअरीवर कुणी घेणार नाही. अशा माणसांना खोटारडे म्हणणारे साहेब मी ऐकलेत. त्यांच्या दारात कुणी बांबू ठोकला नव्हता.

माझं कॉलेज बंद होतं आणि ताईकडं कामाला असलेल्या बाईला सासरच्यांनी येऊ देणं बंद केलं होतं. म्हणून मी ताईच्या हाताखाली गेले. काम काय, तर हातावर सॅनिटायझर मारायचं, बॅटरी धरायची, थुंकलेली भांडी फिनेलात बुडवायची. दाताचं मशीन जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेलं. ते चालू केलं की तोंडातलं पाणी धुरळ्यासारखं उडतं आणि खोलीत तरंगत राहतं, म्हणून ते वापरायचं नाही असं ठरलेलं. एसी बंद, खिडक्या उघड्या, बाहेर उन्हाचा वणवा आणि ताईच्या अंगात प्लॅस्टिकचा झगा. हातमोजे काढले की तिची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी पांढरी पडलेली असायची. दातांच्या डॉक्टरला रोग्याच्या श्वासात बसावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. पण पेपरात कोरोना योद्ध्यांचे फोटो यायचे त्यात दातांचा डॉक्टर कधी दिसला नाही. झग्यांची सोय होईल का, हे विचारायला ताई एका ऑफिसात गेली होती. तिथला माणूस म्हणाला, "तुमचं काय एवढं मॅडम, ठेवा की बंद. दातानं कोण मरतंय?"

मरत होती माणसं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर होते. ताई त्यांच्याच हाताखाली काम शिकली. पहिल्या लाटेत त्यांनी दवाखाना उघडा ठेवला. ठणक्यानं रडणाऱ्या एका बाईची दाढ काढली आणि थोड्याच दिवसांत कोरोनानं गेले. त्यांची खुर्ची भंगारवाल्यानं हातगाड्यावर आडवी टाकून नेली तेव्हा ताई दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं टेबल आडवं लावलं. प्रश्न तेव्हापासून सुरू झाले.

एका दुपारी एक पिकअप येऊन लिंबाखाली उभा राहिला. पुढून एक बागायतदार उतरला, पांढरा शर्ट, कपाळावर उपरणं गुंडाळलेलं. मागच्या हौद्यातून एक मेंढपाळ आणि त्याची बायको उतरली. मेंढपाळानं उजवा गाल तळहातात धरला होता. नंबर त्याचा नव्हता, पण त्याच्याकडं बघून बसलेल्यांनीच पुढं जा म्हणून खूण केली.

"मॅडम, ह्याचा येक दात उपटून द्या," बागायतदार म्हणाला. "लई ठणकतोय, हालतोय बी. कण्हत राहतो अन मेंढरं बिथरत्यात."

"तुमचे कोण हे?" ताईनं विचारलं.

"मपला कोण न्हाई. मह्या रानात बसलीत ह्याची मेंढरं. चकलांब्याकडं."

आमच्याकडं पाऊस पडायच्या आधी शेतकरी मेंढपाळाला रानात बोलावून घेतात. जाळीचं कुंपण करून मेंढरं त्यात बसवायची, लेंड्यामुतानं जमीन कसाला येते, आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य मिळतं. एक रान झालं की दुसरं. ह्या दोन-तीन महिन्यांत जेवढी रानं मिळतील त्यावर त्या घराचं वर्ष निघतं. आणि रान मिळतं ते बोलावण्यावर. ज्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, आजार आहे अशी नुसती कुणकुण लागली त्याला कुणी बांधावर उभं करत नाही.

हे मला नंतर नीट समजलं. त्या वेळी मी सॅनिटायझरची बाटली धरून उभी होते.

"ताप आला होता का?" ताई ओरडली.

मेंढपाळानं आधी बागायतदाराकडं बघितलं. "टायफाईड झालता. बरा झाला."

"खोकला?"

"न्हाई."

"घरात कुणाला?"

"न्हाई."

"टायफाईडच होता मॅडम," बागायतदार म्हणाला. "कोरोना असता तर ह्याला रानात पाय ठिवू दिला असता का म्या? कावून बे, सांग की."

"टायफाईडच," मेंढपाळ म्हणाला.

लिंबाखालची एक बाई दुसरीला म्हणाली, "टायफाईडनं दात हालतेत व्हय गं?"

"मह्या घरी सासू हालंना गेलीय, तू दातांचं घिऊन बसली," दुसरी म्हणाली. बसलेले हसले. मेंढपाळाची बायको हसली नाही. पदर नाकावर ओढून ती पायरीच्या कडेला टेकली.

मी टेबल सरकवलं. तो खुर्चीत बसला, मी बॅटरी धरली, ताई वाकली. दात किडलेला नव्हता. ताईनं चिमट्यानं एक दात हलवला, तर शेजारचे चारही त्याच्याबरोबर हलले. एकेक सुटा नाही, सगळे मिळून, ढिली झालेली फळी हलावी तसे. ताईनं गालावर बोट दाबलं.

"कळतंय का?"

"काय?"

तिनं पुन्हा दाबलं. त्याला कळतच नव्हतं. मग तिनं मला बॅटरी खाली घ्यायला सांगितलं आणि त्याला आ वासायला लावलं. टाळूवर एका बाजूला काळा डाग होता, चुलीच्या वरच्या भिंतीवर काजळी धरते तसा. दोन मास्कांच्या आतून मला वास आला. कुजलेल्या मांसाचा. उजव्या डोळ्याची पापणी सुजून खाली आली होती, ती तो गाल धरून झाकत होता.

ताई सरळ झाली. त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर असेच फोटो फिरत होते. कोरोना होऊन गेलेल्या माणसांची तोंडं. दात दुखतो म्हणून येतात, आणि आत बुरशी हाडात उतरलेली असते, डोळ्याकडं निघालेली. देशभर ज्याला काळी बुरशी म्हणायला लागले ती ह्या माणसाच्या टाळूवर बसली होती, आणि ती पहिल्यांदा कुणाला दिसली तर दातांच्या डॉक्टरला, ज्याला 'ठेवा की बंद' म्हणाले होते.

"तुम्हाला शुगर आहे का?"

"मला कुठली साखर बाई. मी कोरा च्या पितो."

"टायफाईडला गोळ्या कसल्या दिल्या?"

"बारकुल्या, पांढऱ्या. लई गुण आला. भूक बी लई लागायची." त्यानं अंगठ्याच्या नखावर गोळीचा आकार दाखवला. "संपल्या तर म्या अजून आनल्या."

ताईनं माझ्याकडं बघितलं. त्या स्टेरॉईडच्या गोळ्या होत्या, जास्त घेतल्या की रक्तातली साखर चढते आणि बुरशीला वाट मिळते. मग त्याच्या जवळ जाऊन ती हळू बोलली, जेवढं पडद्यातून हळू बोलता येतं तेवढं. "खरं सांगा. कोरोना होता ना?"

बागायतदार टेबलावर कोपरं टेकून आत बघत होता.

"न्हाई म्हणलो ना," मेंढपाळ म्हणाला. "तुमी दात काढा."

"दात काढणार नाही. हा दाताचा आजारच नाही. दात काढला तर आहे ते चिघळेल. आजच्या आज बीडला जायचं. मोठ्या दवाखान्यात. उशीर केला तर डोळा जाईल, आणि मग जीव."

तो खुर्चीतून उतरला. "दात काढाया आलो अन ह्या डोळ्याचं सांगाया लागल्यात," तो बायकोला म्हणाला.

"येक दात निघंना का तुमच्याच्यानं?" बागायतदार वैतागला. "आमच्या वाटंवर येक जण हाय, पकडीनं काढतो. चल बे, बस गाडीत. उगं घाबरवायलेत."

तेव्हा ताईनं टेबल स्वतः बाजूला ढकललं आणि झग्यासकट पायरी उतरून खाली आली. इतके दिवस ती पायरी उतरली नव्हती. मेंढपाळाची बायको अजून टेकलेली होती. ताई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"बाई," ती बायको म्हणाली, "डोळा जाईल म्हंता, ते खरं हाय का?"

"हो."

"अन जीव?"

"तोही."

ती उठली. पदर तोंडावरून खाली घेतला. मला वाटलं ती ताईच्या कानात सांगेल. पण ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मंग आयका. ह्यास्नी कोरोनाच झालता. मला बी झालता. मही सासू त्यानंच मेली. टायफाईड म्हणून आमी तिला माती दिली."

"गप ए," मेंढपाळ ओरडला. "कुठं नेशील मेंढरं? कुठं नेशील?"

"मेंढरं हाकाया तुमी पायजे का न्हाई?"

लिंबाखालची माणसं उठली. प्रत्येक जण मागं सरकला. बागायतदार जागेवरच उभा होता. तो मेंढपाळाकडं बघत राहिला, आणि जेव्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"म्हातारी टायफाईडनं गेली म्हणला तू. म्या खांदा दिला बे तिला. घरी जाऊन नातू उचलून घेतला."

मेंढपाळ खाली बघत होता.

बागायतदार पिकअपकडं गेला. मला वाटलं तो गाडी घेऊन निघून जाणार. ताईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं खिशातून मोबाईल काढला होता. पण त्यानं हौद्याचं फळकूट उघडलं.

"बसा," तो म्हणाला. "मागंच बसा. पुढं न्हाई."

त्यानं त्यांना बीडच्या दवाखान्याच्या गेटावर नेऊन सोडलं. तिथून परत जाऊन संध्याकाळच्या आत त्यांची मेंढरं रानातून उठवली. मेंढरांपाशी त्या बायकोचा भाऊ होता. त्यानं सांगितलं की बागायतदार बांधावर उभा होता आणि रडत होता, पण जाळी काढेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत आसपासच्या सगळ्या शिवारात बातमी गेली. पुढची ठरलेली रानं एकेक करून नको म्हणाली. भाऊ मेंढरं घेऊन नारायणगडाच्या बाजूच्या माळावर जाऊन राहिला, जिथं बसवून घेणारं कुणी नव्हतं आणि हाकलणारंही नव्हतं.

बीडहून मेंढपाळाला अंबाजोगाईला पाठवलं. त्या बुरशीवरचं इंजेक्शन तेव्हा कुठंच मिळत नव्हतं. नातेवाईक फोन लावून लावून रडकुंडीला येत होते. मिळाली तेवढ्या इंजेक्शनांच्या खर्चात त्याची निम्मी मेंढरं विकली गेली. जीव वाचला. उजवा डोळा काढावा लागला, आणि वरच्या जबड्याची ती बाजू टाळूसकट.

आम्हाला हे कळलं त्या दिवशी मी पत्रक लिहायला बसले. आमच्या घरात पत्रकं धान्यासारखी साठवलेली असायची. वडिलांनी आयुष्यभर ती लिहिली, छापली, बसस्टँडवर वाटली. मी पुस्तकाच्या आधी पत्रक वाचायला शिकले, आणि 'जाहीर निषेध' हे मला जोडाक्षरांसकट लिहिता आलेलं पहिलं काही. तेव्हा मी कागद घेतला, वर निषेध लिहिला आणि त्या बागायतदारापासून सुरुवात केली.

वडिलांनी चष्मा लावून वाचलं. "ह्यानंच गाडीत नेलं ना त्याला?"

"आणि ह्यानंच मेंढरं उठवली."

"उठवली. खांदा ह्यानंच दिला. मग निषेध नेमका कशाचा?"

"अण्णा, तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"मी विचारतोय. पत्रकात पहिल्या ओळीत कळलं पाहिजे, गुन्हा कुणाचा."

मी ओळी खोडत गेले. गोळ्या देणारा डॉक्टर? त्याच्या गावात दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं. मेंढपाळ? त्याला खरं बोलायला सांगायचं, तर त्याच्या वर्षाच्या ज्वारीचं काय ते आधी सांगावं लागेल. तपासणीला माणसं घाबरली ती रोगाला नाही, तपासणीनंतर जे होतं त्याला. रोग्याच्या दारात बांबू ठोकायला माणसं होती, भोंग्यावर ओरडायला माणसं होती, पण त्या घरचं दूध आम्ही घेऊ, ती मेंढरं आम्ही बसवू, असं म्हणणारी एक सोय ह्या सरकारनं केली नाही. रोगी शोधायचा आणि त्याला उपाशी मारायचं, ह्याला ते साखळी तोडणं म्हणत होते. हे मी लिहिलं. छापखाना बंद होता, तेव्हा हातानं नकला काढून गल्लीतल्या भिंतींवर चिकटवल्या. दोन दिवसांत उन्हानं कागद पिवळा पडला.

ताईनं पत्रक वाचलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा दारातलं टेबल नव्हतं. ते तिनं मागच्या बोळात नेऊन ठेवलं होतं, पाण्याच्या टाकीपाशी. पेशंटला एकेकटं तिकडं घेऊन जायची, सोबतच्या माणसाला गल्लीतच थांबवायची, आणि प्लॅस्टिकचा पडदा वर करून हळू आवाजात विचारायची. पडदा वर केला की धोका किती, हे मला कळत होतं.

"असं नको करू," मी म्हणाले. "म्हाताऱ्या डॉक्टरांचं काय झालं?"

"ओरडून विचारलं की काय उत्तर येतं ते बघितलं ना तू?"

"तू मरशील."

"मग लिही पत्रक," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

टाकीपाशी माणसं हो म्हणायला लागली. झालता बाई, पण कुणाला सांगू नका. त्यातल्या काहींच्या टाळूवर तेच काजळीचे डाग होते. काही वेळेत पोचले. काही नाही पोचले. ताईलाही कोरोना झाला. ती वाचली, पण जिना चढताना अजून मधे थांबते.

पावसाळा सरल्यावर मेंढपाळ आणि त्याची बायको परत आले. एसटी सुरू झाली होती. त्याच्या डोळ्याच्या जागी पट्टी होती आणि गाल आत गेला होता, भाकरी तव्यावर फुगून मग बसावी तसा. तो बोलला ते मला काहीच कळलं नाही. टाळूला भोक असलं की वारा नाकातून जातो, 'ब' म्हणायला जावं तर 'म' येतो, पाणी प्यायलं तर नाकातून गळतं. बायको त्याचं बोलणं आम्हाला सांगत होती.

"दात नकोत म्हंत्यात. खायचं जमंल कसं तरी. मेंढरं वळंनात."

मेंढरांना हाक द्यायची ती जीभ टाळूला चिकटवून सोडून द्यायची, टक्, आणि मागून हुर्र. त्याला टाळूच नव्हती. मेंढरांच्या मागं तो चालायचा, पण कळप त्याच्या बायकोकडं आणि मेव्हण्याकडं बघून वळायचा. तो नुसता सोबत चालणारा माणूस झाला होता.

ताईनं त्याचं माप घेतलं. मशीनवरची चादर काढली. इतक्या महिन्यांनी मशीनचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. भोकावर बसणारी गुलाबी प्लेट तिनं घडवली, तीन वेळा घासली, तीन वेळा परत बसवली. शेवटी ती हलायची थांबली.

"काढा आवाज," ताई म्हणाली.

त्यानं जीभ वर लावली. टक्. मग हुर्र. लिंबाखाली बसलेल्या बायका खिदळल्या, "दवाखान्यात मेंढरं शिरली काय गं." त्यानं तिकडं बघितलंही नाही. पुन्हा काढला. पुन्हा. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच हसली, "आता बास, येतील खरंच."

"येत्या उन्हाळ्यात मेंढरं कुठं बसवणार?" मी विचारलं.

बायकोचं हसणं गेलं. "हितं कोण बोलावतंय बाई. कोरोनावाले म्हंत्यात अजून. नदीपल्याड जातो. तिकडं वळख न्हाई कुणाची."

"तिकडं बी इचारतील," मेंढपाळ म्हणाला. शब्द फाटका येत होता, पण आता मला कळला. "तोंडाला काय झालं म्हणून."

ताई हातमोजे काढत होती, ती थांबली. मी पत्रकवाली, माझ्यापाशी त्याला द्यायला एक ओळ नव्हती.

"बैलानं मारलं म्हणायचं," बायको म्हणाली.

मग त्यानं प्लेट जिभेनं चाचपली आणि हळूहळू म्हटलं, "मैलानं मारलं."

"ब," ताई म्हणाली. "ओठ घट्ट मिटा, मग सोडा."

"बैलानं."

"परत."

"बैलानं मारलं. बैलानं मारलं."

ताईनं मान हलवली. शब्द स्वच्छ आला होता.